वास उडाला की गोचीड परत

जुलैपासून साठलेले प्रश्न यावेळी एकदम घेतेय, कारण सगळे फिरून फिरून एकाच जागी येतायत, अंगाला नाहीतर गुराला नाहीतर कुत्र्याला काहीतरी चिकटतंय आणि त्यावर घरातलं काय लावू. जळवांचं पत्र तर भर पावसात आलेलं, त्याला डिसेंबरात उत्तर देतेय म्हणून आधीच सॉरी. मी ३१ वर्षं गुरांची डॉक्टर होते, माणसांची नाही, त्यामुळे माणसाच्या तापाबद्दल मी एवढंच सांगणार की कधी उठून दवाखाना गाठायचा. बाकी पाला, तेल, धूर यावर मी तासभर बोलू शकते, माझ्याच परसात निरगुडी आहे, करंज आहे, कडुनिंब आहे, आणि हे सगळं कुठे कामाला येतं नि कुठे तोंडघशी पाडतं हे दोन्ही बघून झालंय माझं.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर चार वर्षांचा, पुण्यात ग्राउंड फ्लोअरला राहतो, मागे छोटी बाग आहे. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ, व्हिनेगरचा स्प्रे, खोबरेल तेलात कापूर घालून मालिश, सगळं चालू आहे तरी आठ दिवसांत कानात परत गोचीड. आमचं काय चुकतंय?

कुत्रा धुताय, घर धुवत नाही, एवढंच चुकतंय. कुत्र्याचा तो तपकिरी गोचीड आहे ना, तो कुत्र्यावर फक्त जेवायला येतो हो, राहतो तुमच्या घरात. मादी रक्त पिऊन भिजवलेल्या हरभऱ्याएवढी टम्म फुगली की स्वतःच सुटून खाली पडते, आणि मग सरळ भिंत धरते, वर चढत जाते, एखादी फट बघून तिथे अंडी घालते, थोडीथोडकी नाही, दोन-तीन हजार सुद्धा घालते, आणि मरते. त्यातून खसखशीएवढी सहा पायांची पिल्लं निघतात, ती कुत्र्यावर चढतात, पितात, पडतात, कात टाकतात, परत चढतात. जन्मात तीनदा चढायचं आणि तीनदा उतरायचं. म्हणजे तुम्हाला कानात दहा दिसले तर बाकीचे सगळे स्कर्टिंगच्या मागे, दाराच्या चौकटीत, कुत्र्याच्या गादीच्या शिवणीत बसलेत, आणि उपाशी कित्येक महिने बसू शकतात. रात्री टॉर्च घेऊन बाल्कनीच्या ग्रिलपाशी आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बघा एकदा, झोप उडेल.

तर फटी व्हाइट सिमेंटने नाहीतर पुट्टीने बुजवा, गादीची खोळ दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका, व्हॅक्यूम असेल तर कोपरे ओढून घ्या आणि आतला कचरा त्याच दिवशी सीलबंद करून बाहेर, नाहीतर ते आतून परत चालत येतात. बागेतलं गवत एकदम बारीक ठेवा, पालापाचोळा भिंतीलगत साठू देऊ नका. हे दोनेक महिने नेटाने करा, एक रविवार करून उपयोग नाही.

कापूर मात्र आजच्या आज बंद. कुत्रा अंग चाटतो, आणि कापूर पोटात गेला तर त्याला झटके येऊ शकतात. व्हिनेगरने फारसं काही होत नाही, ओरखडे असतील तर झोंबतं तेवढं. कडुनिंबाचं तेल चांगलं आहे, पण नुसतं नका लावू, एक चमचा नीम तेल दहा चमचे खोबरेल तेलात, आणि ते सुद्धा मानेवर नि पाठीवर, तोंड पोचणार नाही तिथे. त्याने नवे चढणारे जरा बिचकतात, पण वास उडाला की संपलं, घरात जमलेली फौज त्याने हटत नाही. त्यासाठी तुमच्या व्हेटकडून महिन्याची गोळी नाहीतर मानेवर टाकायचं औषध घ्याच.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. मी रिटायर झाले त्या वर्षी आमच्या कुत्रीला मीच दोन महिने फक्त कडुनिंबावर ठेवली होती, सगळ्या तालुक्याला औषधं लिहून देणारी बाई आता नॅचरल करून बघू म्हणून. एक दिवस ती भाकरी सोडून कोपऱ्यात जाऊन बसली, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, दुसऱ्या दिवशी नाकातून रक्ताचा थेंब. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडातून होणारा एर्लिकिया. वाचली, पण महिनाभर गोळ्या चालल्या आणि मला घरातल्यांचं जे ऐकावं लागलं ते वेगळंच. तेव्हा कुत्रा सुस्त झाला, ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर पाल्याचा विचार पण करायचा नाही, रक्त तपासायला घेऊन जायचं.

आणि घरात मांजर असेल तर निलगिरी, टी ट्री वगैरे कुठलंच सुगंधी तेल तिला लावू नका, कुत्र्याचं गोचिडाचं औषध तर चुकूनही नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे.

प्रश्न : मॅडम, दोन एचएफ, म्हणजे विदेशी जातीच्या, गाई नि एक कालवड आहे, गाव सातारा जिल्ह्यात. एका ट्रेनिंगला लसूण-वेखंडाचं गोचिडावरचं मिश्रण सांगितलं होतं, लिहून घेतलेला कागद हरवला. ते खरंच चालतं का, आणि प्रमाण काय?

चालतं. हे राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने गोळा करून लोकांपर्यंत पोचवलेलं मिश्रण आहे, आणि घरगुतीमध्ये मला हे सगळ्यात पटतं कारण ते फुकट नि रोज हाताशी असणाऱ्या गोष्टींचं आहे. लसणाच्या दहा पाकळ्या, कडुनिंबाचा पाला एक मूठ, लिंबोळ्या एक मूठ, वेखंड दहा ग्रॅम, हळद वीस ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ, तुळशीचा पाला एक मूठ. घाणेरी म्हणजे ती रानभर माजलेली टणटणी, लालपिवळ्या फुलांची. हे सगळं पाट्यावर नाहीतर मिक्सरला वाटायचं, वेखंड आधी ठेचून घ्या नाहीतर मिक्सरचं पातं जाईल, आमचं गेलंय. त्यात लिटरभर पाणी घालून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं, नीट पिळून.

आता लावायचं कसं, कारण इथेच सगळे चुकतात. लोक पाठीवर फवारतात, पाठीवर गोचीड कमीच असतात. गोचीड बसतात कानाच्या आत, मानेखाली लोंबणाऱ्या कातडीच्या, म्हणजे पोळीच्या, वळ्यात, कासेच्या आणि मांडीच्या मध्ये, शेपटीच्या बुंध्याखाली. तिथे कापडाचा बोळा भिजवून केसांच्या उलट्या दिशेने चोळायचं, केस उभे राहून पाणी कातडीपर्यंत गेलं पाहिजे. ऊन उतरल्यावर करा आणि त्या दिवशी गाय धुऊ नका. दर आठ दिवसांनी करायचं. कासेला लावलं असेल तर धार काढायच्या आधी कास स्वच्छ धुवा, दुधाला लसणाचा वास लागला तर डेअरीवाला तुम्हालाच विचारणार. आणि टणटणीचा उरलेला चोथा गव्हाणीत पडू देऊ नका, ती खाल्ली तर गुराच्या लिव्हरला बाधते, ऊन लागून कातडी सोलवटते.

पण परत तेच, गोठा. मादी गोचीड गाईवरून पडली की गव्हाणीच्या फटीत, दगडी भिंतीच्या सांध्यात, दावणीच्या खुंट्याखाली जाऊन अंडी घालते. भिंती गिलावा करून गुळगुळीत करता आल्या तर सोन्याहून पिवळं, नाही जमलं तर फटीत चुना भरा. फ्लेम गन मिळते, तिने गुरं बाहेर बांधून फटी शेकून काढतात, एकदम जालीम काम होतं, फक्त वर गवताची गंजी किंवा छपराला पेंढा असेल तर नादाला लागू नका. आणि कोंबड्या पाळा, गावठी. आमच्या शेजारी दुपारी गाय रवंथ करत बसली की कोंबडी येऊन तिच्या मांडीवरचे गोचीड टकाटक टिपायची आणि गाय डोळे मिटून बसलेली, पाय पसरून द्यायची उलट. तसा खिलार किंवा गीरला गोचीड कमीच लागतो, तुमच्या एचएफची कातडी त्याला जास्त गोड, त्यामुळे तुमच्याकडे लक्ष दुप्पट हवं. बाजारातून नवी गाय आणली तर दोन आठवडे वेगळी बांधा, अर्धे गोचीड असेच गावात येतात.

गाईला १०४-१०५ ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, दूध एकदम कमी, किंवा लघवी चहासारखी लाल, यातलं काहीही दिसलं की मिश्रण बाजूला आणि डॉक्टरला फोन. हा गोचीडताप आहे नाहीतर बबेसिया, इंजेक्शनशिवाय गाय उठत नाही. अजून एक, पिकावर मारायचं औषध पातळ करून गाईवर मारायचं नाही. माझ्या नोकरीत कपाशीचं औषध मारून मेलेल्या गाई मी स्वतः बघितल्यात, आणि दरवेळी घरातला कोणीतरी म्हणायचा, थोडंसंच टाकलं होतं मॅडम.

प्रश्न : तंबाखूचं पाणी, सीताफळाच्या बियांची पूड, रॉकेल, डांबर गोळ्या, यातलं गोचीड-पिसवांना बेस्ट कुठलं?

चौघांपैकी एकही नाही. तंबाखूचं पाणी मारतं खरं पण निकोटीन कातडीतून आत जातं, कुत्र्याच्या आणि लावणाऱ्याच्या पण, मग मळमळ, लाळ, थरथर. सीताफळाच्या बिया आपल्या आज्या उवांवर लावायच्या, आणि त्यातला कण डोळ्यात गेला की बुबुळाला जखम होते, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, असे पेशंट येतात अजून. रॉकेलने कातडी भाजते. डांबर गोळ्या लहान मुलं नि कुत्री चघळतात. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं कोणी ठरवलं मला कळत नाही, विषारी धोत्राही नैसर्गिकच आहे. पिसवांसाठी गोधड्या कडक उन्हात घाला आणि जमीन झाडून पुसून घ्या, बास.

प्रश्न : आमची सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात काजूची बाग आहे. जानेवारीपासून बी गोळा करायला घरची सगळी जातो, बायामाणसं पण लावतो. माकडतापाची भीती वाटते. बायका करंजेल लावतात, काही जणी कपड्यांना कडुनिंबाचा पाला चोळतात. हे पुरेसं आहे का?

या एका प्रश्नासाठी सगळा अंक दिला असता मी. नाही, पुरेसं नाही, आणि हे मी करंजेल आवडणारी बाई असून सांगतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा आजार, १९५७ साली कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडं पटापट मरायला लागली, माणसांना ताप आले, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आत्ताच्या एनआयव्हीने, त्यातला विषाणू शोधला. कित्येक वर्षं तो तिकडेच होता. मग २०१५ ला गोव्यात सत्तरीत, २०१६ ला तुमच्या दोडामार्गात, पुढे बांदा-सावंतवाडीकडे. गोचीड चावला की होतो. माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे आजारी माणसाला वाळीत टाकायची गरज नाही, हे पण सांगून ठेवते कारण तसं झालेलं ऐकलंय.

आता काजू आणि हा ताप यांचं काय नातं ते बघा. पावसाळ्यानंतर गोचिडाची पिल्लं निघतात, आणि त्यापुढची अवस्था, ती मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक, जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत सुक्या पाल्यात भुकेली बसलेली असते. आणि तुम्ही नेमके तेव्हाच वाकून, हाताने पाला सारून, बोंडू नि बी वेचत असता. म्हणजे चावणारा नि चावून घेणारा एकाच जागी, एकाच मोसमात. वर तो इतका बारीक की चावलेला कळत नाही, खाज सुटते नि आपल्याला वाटतं मुंगी असेल.

करंजेल, नीम तेल, निलगिरी हे सगळं गोचिडाला आवडत नाही हे खरं. पण बागेत घाम येतो, तास-दीड तासात वास उडतो, आणि तुम्ही सहा तास तिथे असता. म्हणजे पहिला तासभर पहारा आणि पुढचे पाच तास दार सताड उघडं. त्यापेक्षा आरोग्य खातं लावायला देतं ते डीएमपी किंवा डेपाचं तेल घ्या. डेपा हे आपल्या डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या लॅबमधलं आहे, कर्नाटकात माकडतापाच्या गावांत ते वाटतात. आशा ताईंना विचारा, उपकेंद्रात विचारा, मिळालं नाही तर मेडिकलमधून डीईईटी हे कीटक पळवणारं रसायन असलेलं मलम घ्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्या तासांनी परत लावा. करंजेल वरून साडीच्या काठाला, पँटच्या खालच्या दुमडीला, चपलेच्या पट्ट्याला चोळायचं असेल तर चोळा, मी पण चोळते, पण वरून, त्याच्याऐवजी नाही.

खरी राखण कपड्यांची. बायकांना साडी खोचून वाकायची सवय, पोटऱ्या उघड्या. त्यापेक्षा आतून जुनी लेगिंग, तिचं टोक मोज्यात, वरून घरातल्या पुरुषाचा जुना फुल शर्ट, तो खोचलेला. फिकट रंगाचं घाला, चढताना ठिपका दिसतो. जेवायला पाल्यावर बसू नका, गोणपाट किंवा ताडपत्री अंथरा आणि ती उचलताना बाहेर झटका. घरी आल्यावर उंबऱ्यावरच कपडे काढून गरम पाण्यात, आणि लगेच साबणाने आंघोळ, नखाने खरवडून, काखा, बेंबी, गुडघ्यामागे, कमरेची नाडी बसते ती जागा, केसांत मानेपाशी, कानामागे. जी जागा स्वतःला दिसत नाही ती दुसऱ्याने बघायची, लाजायचं काय त्यात. बागेत नेलेली गुरं परत आली की ती पण गोचीड घेऊन येतात, गोठा नि झोपायची जागा लांब ठेवा.

चिकटलेला सापडला तर बारीक टोकाचा चिमटा कातडीच्या अगदी लगत धरायचा आणि सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, झटका नाही. विडीचा चटका, रॉकेल, तेल, चुना यातलं काही लावायचं नाही, तो तडफडतो आणि पोटातलं परत तुमच्याच रक्तात सोडतो. बोटांनी चिरडू पण नका. साबणाच्या पाण्यात टाका, जागा साबणाने धुवा.

बागेत किंवा आसपास माकड किंवा वानर मेलेलं दिसलं तर हात लावू नका, जवळ जाऊन फोटो पण नको. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड आजूबाजूला उतरतात, ती जागा त्या आठवड्यात सगळ्यात वाईट. ग्रामपंचायतीला किंवा वनखात्याला कळवा आणि तो तुकडा तेवढे दिवस सोडून द्या, दोन किलो बी गेली तर जाऊ दे.

आणि बागेत गेल्यापासून आठवडाभरात अचानक सडकून ताप, डोकं फुटल्यासारखं, पाठ-पोटऱ्यांत मरणाच्या वेदना, असं झालं की अंगावर काढू नका, काढे नकोत, सरळ सरकारी दवाखान्यात जा आणि गेल्या गेल्या सांगा की मी काजूच्या बागेत होतो. हे वाक्य सांगायचंच, डॉक्टरने विचारलं नाही तरी. नाहीतर मलेरिया, डेंग्यू शोधण्यात दिवस जातात. हिरड्यातून नाकातून रक्त आलं तर त्या क्षणी. बायामाणसांना पण हे पैसे देताना सांगून ठेवा, त्या ताप आला की खाडा नको म्हणून क्रोसिन घेऊन परत कामाला येतात, मला माहीत आहे.

प्रश्न : आंबोलीला पावसात ट्रेकला गेलो, आठ जळवा. मीठ-तंबाखूची पुरचुंडी नेली होती, उपयोग झाला नाही असं वाटलं. पुढच्या वेळी काय करू?

पुरचुंडीचा उपयोग होतो पण कोरड्या हवेत, आणि जळवा कोरड्या हवेत येतच नाहीत, हा विनोद आहे खरा. पावसाने मीठ दहा मिनिटांत धुऊन जातं. लोक मोजे मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवतात, ते पहिल्या ओढ्यापर्यंत टिकतं. त्यापेक्षा घट्ट विणीचे लांब मोजे, पँट आत, आणि दर थांब्यावर बुटाकडे नजर, ती वर चढत असतानाच टिचकी मारून उडवायची. साबणाची कोरडी वडी बुटावर आणि मोज्यावर घासून ठेवतात आमच्याकडचे गुराखी, ती मिठापेक्षा जास्त वेळ धरते असा माझा अनुभव.

चिकटली तर मीठ टाकू नका खरंतर, काडी लावू नका, ती पोटातलं ओकते जखमेत. तिच्या बारक्या टोकाकडे, म्हणजे तोंडाकडे, नख कातडीला घासून आडवं सरकवायचं, पकड सुटते, मग दुसऱ्या टोकाकडे. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका, तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. धुवून दाबून पट्टी. जळू दिसते, लागते, रक्त काढते म्हणून सगळे किंचाळतात, पण आपल्याकडे ती सहसा आजार देत नाही. आजार देणारे बारके असतात, न दिसणारे. ट्रेकनंतर आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि काखेत, मांडीत सिगरेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, न दुखणारी, तर ती डॉक्टरला दाखवा, स्क्रब टायफस असू शकतो, गवतातल्या माइटच्या पिल्लाने होतो. २०१८ मध्ये नागपूर-विदर्भाकडे त्याने किती लोक आजारी पडले ते तिकडच्यांना आठवत असेल. वेळेत कळला तर साध्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांनी बरा होतो, खपली कोणी बघितलीच नाही तर अवघड.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, घरामागे झाडी आहे, हरणं येतात. आई भारतातून आलीये आणि नातवाच्या पायाला रोज कडुनिंब-निलगिरीचं तेल चोळतेय, नातू दोन वर्षांचा. इथे गोचिडातून होणाऱ्या लाइम आजाराची भीती, आईला नाही म्हणवत नाही. काय करू?

आईंना सांगा गुरांच्या डॉक्टरबाईंनी तुमचं तेल नातवापेक्षा तुमच्याच गुडघ्याला जास्त बरं असं सांगितलंय. मजा बाजूला, दोन वर्षांच्या पोराला निलगिरीचं तेल नको, हात तोंडात जातो, पोटात गेलं तर गंभीर होतं. तुमच्याकडे लेमन युकॅलिप्टसचं रिपेलंट मिळतं, ते तिथल्या सरकारी यादीतलं आहे आणि टिकांवर, म्हणजे गोचिडांवर, चालतं, पण नावाने फसू नका, ते म्हणजे आपलं निलगिरीचं तेल नाही, लेमन युकॅलिप्टसचं सुगंधी तेल पण नाही, त्यावर प्रक्रिया करून काढलेला वेगळा अर्क आहे, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तो लावायचा नसतो. नातवासाठी त्याच्या पीडियाट्रिशियनला विचारून डीईईटी नाहीतर पिकॅरिडिन. आईंच्या खोबरेल तेलाची बाजू पण घेते जरा, तिथल्याच कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१८ मध्ये खोबरेल तेलातून वेगळी काढलेली फॅटी अॅसिड्स टिकांना चांगली पळवतात असं दाखवलंय, पण ती वेगळी काढून, डब्यातलं पॅराशूट चोळून नाही.

लाइम हे कनेक्टिकटमधल्या गावाचं नाव, त्यावरूनच आजाराला ते पडलं, आणि तो हरणांवरच्या टिकेतून, म्हणजे गोचिडातून, येतो. पण त्यात एक दिलासा आहे, ती टिक बहुतेक वेळा चोवीस तासांपेक्षा जास्त चिकटून राहिली तरच तो देते, म्हणून रोज संध्याकाळी आंघोळीला नातवाचं अंग बघणं हाच तुमचा खरा उपाय, आणि हे काम आजीपेक्षा चांगलं कोण करणार, तिला तेच द्या. डोक्याची त्वचा, कानामागे, डायपरच्या कडेला. बाहेरून आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये हाय हीटवर दहा मिनिटं, मग धुवायला, नुसत्या थंड-कोमट पाण्यात धुण्याने टिका मरत नाहीत. लॉन आणि झाडीच्या मध्ये तीन फुटांचा लाकडी चिप्सचा पट्टा टाका, झोपाळा झाडीपासून लांब उन्हात आणा. चावलेल्या जागेभोवती वाढत जाणारा लाल चट्टा दिसला, मधे फिकट असो नसो, फोटो काढून डॉक्टरला पाठवा.

प्रश्न : अंगणात झेंडू, गवती चहा, तुळस लावली तर डास, गोचीड, गोम काहीच येत नाही असं वाचलं. खरं का?

झाड नुसतं उभं राहून वास सोडत नाही हो, पान चुरडलं तर तेल बाहेर येतं. माझ्या गवती चहाच्या बेटात मी स्वतः गोम पकडलीये, मस्त गारव्याला बसली होती. संध्याकाळी अंगणात बसताना दोन पात्या हातात चुरडून पायाला चोळल्या तर वीसेक मिनिटं डास जरा लांब राहतात. निरगुडीचा पाला गोवरीवर टाकून धूर केलात तर तो असेपर्यंत चिलटं नि डास जातात, घरात दम्याचं कोणी असेल तर ते पण जातात, उठून आत. त्यापेक्षा बसायची जागा झाडून कोरडी ठेवा, पंखा लावा, डासाला वाऱ्यात उडता येत नाही. गवती चहा लावाच पण, या थंडीत आल्यासोबत चहात टाकायला.